ड्रमातल्या खताचा वास गेला कसा

नेरुळला आमच्या रो-हाउसच्या मागे जेमतेम पाच फुटांची पट्टी आहे. भंगारवाल्याकडून जुना निळा ड्रम दोनशे रुपयांना आणला, बाजूंना ड्रिलने भोकं पाडली आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा त्यात टाकायला लागलो. जूनमध्ये पाऊस लागला आणि आठवड्याभरात नासक्या अंड्यांसारखा वास सुटला. झाकण उघडलं की चिलटांचा ढगच. शेजारच्या काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी मागची खिडकी लावून घेतली. ते मनाला फार लागलं.

रविवारी सगळा माल ताडपत्रीवर उपसला. खालचा थर काळा, चिकट, पाण्यात बसलेला. तळाला एकही भोक नव्हतं! पाणी साचलं, हवा कोंडली, म्हणून कुजण्याऐवजी सडत होतं.

तळाला दहा-बारा भोकं पाडली, ड्रम चार विटांवर ठेवला, आत नारळाच्या शेंड्या अंथरल्या. भोकांना मच्छरदाणीची जाळी, वर पत्र्याचा तुकडा. खरी चूक मात्र प्रमाणाची होती. आता एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन वाट्या सुका पाला. बदामाची पानं हातानं चुरडून घालतो, वरचा थर कायम सुक्याचाच. मूठभर माल दाबला की ओल जाणवावी, धार लागू नये. चार दिवसांनी एकदा काठीनं खालीवर करतो. मासळीचे काटे, तेलकट उरलंसुरलं अजिबात नाही.

वास आठवड्यात गेला. दिवाळीच्या सुमारास तळातून काळं, भुसभुशीत खत निघालं. पहिली पाटी काकूंच्या कढीपत्त्याला दिली.