चांदा, कॉलरी आणि आपलं घराणं: कोळसा पट्ट्यात जुनी माणसं आणि जुनी गावं कशी शोधायची

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, राजुरा, वणी या पट्ट्यात ज्यांचे आजोबा-पणजोबा खदानीत होते त्यांच्यासाठी हे लिहितोय. वंशावळ काढायची म्हटलं की सगळे थेट नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, कारण या भागात नावाचा काही भरवसा नाही, एकच माणूस मस्टरवर (खाणीच्या हजेरीपटावर) एक, रेशन कार्डावर दुसरा आणि शाळेच्या दाखल्यावर तिसराच असतो. म्हणून माझं सांगणं असं की आधी जागा पक्की करा. तो कुठल्या गावचा, ते गाव तेव्हा कुठल्या राज्यात होतं, आणि तो कुठल्या कॉलरीच्या (कोळसा खाणीच्या) कुठल्या पिटवर (खाणीत उतरायच्या विहिरीवर) कामाला लागला, ही तीन उत्तरं मिळाली की कागद कुठे असेल ते आपोआप कळतं.

राज्याचा घोळ पहिल्यांदा समजून घ्या. चंद्रपूर, वरोरा, भद्रावती ही बाजू जुन्या मध्यप्रांतातली, तिथे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला भरायचा. वर्धा नदीच्या पलीकडचं वणी हे वऱ्हाडातलं, तिथली मोजणी आणि कागद वेगळ्या पद्धतीचे. आणि राजुरा तर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होतं, १९५६ नंतर ते आधी नांदेडला आणि मग १९५९ ला चंद्रपूरला जोडलं गेलं. म्हणजे बल्लारपूर आणि सास्ती यांच्यामध्ये फक्त नदी आहे पण १९४० चा कागद शोधायचा झाला तर एकासाठी चंद्रपूर-नागपूर आणि दुसऱ्यासाठी हैदराबादच्या तारनाक्याचं अभिलेखागार. राजुऱ्याकडचे जुने कागद उर्दूत असतात आणि साल फसली (निजामाच्या राज्यातलं महसुली वर्ष) असतं, फसलीत ५९० मिळवले की साधारण इंग्रजी साल निघतं, १३४० फसली म्हणजे १९३०-३१. उर्दू वाचणारा माणूस गाठायला लागतो, अंदाजाने वाचू नका. मध्यप्रांतातलाच भाग पुढे १९५० ते ५६ मध्य प्रदेशात होता म्हणून त्या वर्षांचे बरेच कागद हिंदीत मिळतात, ते बघून आपले लोक हिंदीभाषी होते असा निष्कर्ष काढू नका, तेव्हा मराठीबरोबर हिंदी पण सरकारी भाषा होती.

आता कागदांवरच्या नावांचा मुद्दा. चंद्रपूर हे नाव तुम्हाला १९६० च्या आधीच्या कागदावर बहुतेक दिसणारच नाही, तिथे चांदा असतं. भद्रावतीच्या जागी भांदक. बल्लारपूरचं स्टेशन आजही बल्हारशाह आहे आणि चंद्रपुरात चांदा फोर्ट नावाचं स्टेशन अजून चालू आहे, जुनी नावं रेल्वेने टिकवली ती अशी. आजोबांच्या पेटीत एखादं जुनं पाकीट किंवा पार्सलची पावती असेल तर त्यावर स्टेशनचं नाव असतं, गावाचं नाही, हे लक्षात ठेवा. वणी ज्या जिल्ह्यात आहे त्याला तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वूण जिल्हा म्हणायचे, यवतमाळ नंतर. आणि गडचिरोली १९८२ साली वेगळा झाला, त्याच्या आधीचा 'जिल्हा चांदा' म्हणजे सिरोंचापासून चिमूरपर्यंत काहीही असू शकतं.

गावांच्या नावापुढची शेपटं तर या जिल्ह्याची खासियत आहे, बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतात पण तीच सगळ्यात जास्त माहिती देतात. एकाच नावाची दोन-तीन गावं शेजारी शेजारी असतात, एकापुढे मोकासा, एकापुढे माल, एकाच्या आधी चक. मोकासा म्हणजे ज्या गावाचा महसूल कुणाला तरी नेमून दिला होता ते, भद्रावतीजवळचं बरांज मोकासा बघा. चक म्हणजे मूळ गावातून किंवा पडीक रानातून वेगळा तोडून दिलेला तुकडा. तुकूम हा शब्द गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला मिळणाऱ्या जमिनीशी जोडलेला आहे, चंद्रपुरातला तुकूम आज नुसता वॉर्ड वाटतो. रयतवारी म्हणजे जिथे मधे मालगुजार नव्हता, शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा, आणि त्याच नावाची कॉलरी झाली, रयतवारी कॉलरी. नांदगाव पोडे मधला पोडे तर सरळ आडनाव आहे. राजुरा-जिवतीकडे गुडा लागलं की गोंड किंवा कोलाम वस्ती समजा. हेटी, टोला, टोली ही मोठ्या गावातून फुटलेली छोटी वस्ती.

हे सगळं कशाला, तर आजी म्हणते 'आपण अमुक गावचे' आणि तुम्ही त्या नावाच्या चुकीच्या गावात तलाठ्याकडे जाऊन परत येता. त्याच्यावर उपाय म्हणजे बंदोबस्त नंबर (जमीन मोजणीच्या वेळी गावाला दिलेला आकडा) आणि पटवारी हलका नंबर (एका पटवाऱ्याकडच्या गावांच्या गटाचा आकडा). घरात शेतीचा कुठलाही जुना कागद असेल, अगदी फाटलेला, तर त्यावर 'मौजा' च्या पुढे ब.नं. आणि प.ह.नं. असे आकडे शोधा. शेपूट लिहायचं राहून गेलं असलं तरी कुठलं गाव ते या आकड्यांवरून पक्कं होतं. हलक्याची मात्र मधे फेररचना होते, म्हणून दोन्ही आकडे लिहून घ्या.

गावच राहिलं नसेल तर? ओपनकास्टने (वरून माती काढून खोदलेल्या उघड्या खाणींनी) या पट्ट्यातली बरीच गावं उठली, आणि त्याच्याही आधी रोगराई-दुष्काळाने उठलेली गावं आहेत, त्यांना कागदात रिठ किंवा बेचिराग लिहितात. बेचिराग म्हणजे कागदावर मौजा आहे, जमीन आहे, पण घर एकही नाही. ही गावं जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत पण असतात, गावांच्या यादीत लोकसंख्या नसलेली दिसतात तीच ती. मग सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना टोपोशीट (सविस्तर नकाशा) काढा, चंद्रपूर-बल्लारपूर-राजुऱ्यासाठी ५६एम, उत्तरेला भद्रावतीच्या बाजूला ५५पी आणि वणीसाठी ५५एल. जुनी आवृत्ती आणि आजचं सॅटेलाइट चित्र शेजारी ठेवलं की जिथे आता मातीचा ढिगारा नाहीतर पाण्याने भरलेला खड्डा आहे तिथे गाव, विहीर, देऊळ, पांदण सगळं छापलेलं सापडतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हा नकाशा दाखवा, नावं आपोआप निघायला लागतात, प्रश्न विचारून जे निघत नाही ते नकाशावर बोट ठेवून निघतं.

आता खदान. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात चालू झाली आणि १९०६ ला बंद पडली, बल्लारपूरची त्याच सुमारास सुरू झाली, म्हणून जुन्या कामगार घराण्यांमध्ये वरोऱ्याहून बल्लारपूर असा प्रवास असू शकतो, तो नक्की विचारा. पुढे घुग्घुस, महाकाली, लालपेठ, राजूर, माजरी. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत यातल्या बहुतेक खाणी खाजगी मालकांच्या होत्या आणि कोल इंडिया, डब्ल्यूसीएल (वेस्टर्न कोलफील्ड्स) वगैरे सरकारी कंपन्या १९७५ च्या. त्यामुळे आजोबा १९५५ ला लागले असतील तर 'डब्ल्यूसीएलमध्ये होते' हे नंतरचं बोलणं आहे, तेव्हाच्या कंपनीचं नाव वेगळं होतं आणि जुन्या कागदावर तेच असणार. पिटचा नंबर विचारा, कॉलरीचं नुसतं नाव पुरत नाही, बल्लारपूरला लोक आजही तीन नंबर, चार नंबर पिट असंच बोलतात.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे फॉर्म बी रजिस्टर. माइन्स ॲक्ट १९५२ प्रमाणे प्रत्येक खाणीला ते ठेवावं लागायचं. त्यात कामगाराचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, मूळ पत्ता, जन्मतारीख किंवा वय, कामावर लागल्याची तारीख, पद आणि सही किंवा अंगठा असतो. समजा नोंद अशी आहे, 'राजम वल्द मल्लय्या, लोडर, जि. करीमनगर'. आडनाव नाहीच. पण वल्द म्हणजे बापाचं नाव मिळालं, जिल्हा मिळाला, आणि तेलुगू घरात आडनाव म्हणजे इंटिपेरू नावाच्या आधी लावतात हे कारकुनाला माहीत नसल्यामुळे ते एकतर गळलं नाहीतर त्यालाच पहिलं नाव समजलं गेलं. बाईच्या नावापुढे जौजे असेल तर नवऱ्याचं नाव, बेवा असेल तर ती तेव्हा विधवा होती, म्हणजे आजोबांच्या मृत्यूचा काळ पण त्या एका शब्दावरून अंदाजता येतो. जन्मतारीख १ जुलै दिसली तर ती अंदाजे टाकलेली धरा, वयावरून साल काढायचे आणि महिना टाकायचा म्हणून जुलै, त्याच्यावर पत्रिका मांडत बसू नका.

आजीचं नाव रजिस्टरात असेल असं कुणाला वाटत नाही पण जरूर बघा. बायका जमिनीखाली काम करायच्या, १९३७ ला बंदी पूर्ण लागू झाली, युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ ला ती उठवली आणि १९४६ ला परत लावली. त्यानंतर बायका वरच्या कामावर राहिल्या, कामीन (मजूर बाई) म्हणून. घरच्यांनी हे कधी सांगितलं नसतं, काही घरांमध्ये ते कमीपणाचं मानलं गेलं, मला तर उलट वाटतं, ज्या बाईने टब (कोळशाच्या छोट्या गाड्या) भरून पोरं वाढवली तिचं नाव वंशावळीत नवऱ्याच्या बरोबरीने पाहिजे.

हे मिळवायचं कसं? आधी घरातच सीएमपीएफचा (कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा) नंबर शोधा, पेन्शनच्या कागदावर असतो. मग डब्ल्यूसीएलच्या ज्या एरियाची (विभागाची) खाण होती त्या एरियाच्या पर्सनल डिपार्टमेंटला वारस म्हणून साधा अर्ज करा, सोबत तुमचं नातं दाखवणारा कागद जोडा. जमलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'माझ्या आजोबांची सगळी माहिती द्या' असं लिहिलं की खाजगी माहिती म्हणून नकार येतो, त्यापेक्षा 'अमुक कॉलरी, अमुक पिट, अमुक सालाच्या दरम्यान, फॉर्म बी मधल्या त्यांच्या नोंदीची आणि १९८७ च्या सर्व्हिस एक्सर्प्टची साक्षांकित प्रत' असं नेमकं मागा (सर्व्हिस एक्सर्प्ट म्हणजे नोकरीच्या नोंदींचा उतारा) आणि मृत्यूचा दाखला जोडा. घरात कुणाला डिपेंडंट (कामगारावर अवलंबून असलेला वारस) म्हणून किंवा लँड लूजर (खाणीत जमीन गेलेला) म्हणून नोकरी लागली असेल तर त्या फाइलमध्ये वारसांची पूर्ण यादी, बऱ्याचदा वंशावळच असते, ती आधी मागा, निम्मं काम तिथे झालेलं असतं.

तसंच जात पडताळणीची फाइल. कुणा चुलत भावाने व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) काढली असेल तर त्याने १९५० च्या आधीचे, नाहीतर प्रवर्गाप्रमाणे १९६१ किंवा १९६७ च्या आधीचे पुरावे गोळा केलेलेच असणार. कोतवाल बुकाची नक्कल त्यात हमखास सापडते. हे कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद, 'अमुकला मुलगा झाला' एवढंच असतं, बाळाचं नाव बहुतेक नसतं, म्हणून तारीख आणि बापाचं नाव जुळवून घ्यावं लागतं. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पण बघा, तिथे पालकाचा धंदा लिहिलेला असतो, 'कोळसा खाण मजुरी' दिसलं तर कुटुंब गावातून कॉलरीत कधी आलं ते साल पकडता येतं.

घरी बसून म्हाताऱ्यांशी बोलताना ते कोणते शब्द वापरतात ते जसेच्या तसे लिहा. वस्तीला दफाई म्हणत असतील तर छत्तीसगडच्या चिरमिरीकडून, धौडा म्हणत असतील तर झारखंडच्या झरियाकडून घराणं फिरत आलं असण्याची शक्यता आहे. कॅम्पात राहायचो असं गोरखपूरकडचे लोक सांगतात, कारण दुसऱ्या महायुद्धात त्या भागातून कोळसा खाणींसाठी सरकारी भरती झाली आणि त्या मजुरांना वेगळ्या कॅम्पात ठेवायचे. अशी घरं असतील तर मूळ गाव, थाना आणि परगणा हे तिन्ही विचारा, नुसतं जिल्हा गोरखपूर घेऊन तिकडे काही सापडत नाही, त्या जिल्ह्याचे पुढे देवरिया, महाराजगंज असे तुकडे झालेत. गोंड घराणं असेल तर परधानाला विचारा, कुळाची नावं, देवसंख्या (कुळ किती देवांचं ते), मूळ ठिकाण हे पिढ्यान् पिढ्या तेच गात आलेत, आणि गाणं रेकॉर्ड करण्याआधी त्यांना त्यांचा मान म्हणजे दान रीतसर द्या.

दोन कागद जुळत नसतील तर एकाला खोटं ठरवून फेकू नका, दोन्ही तारखेसकट लिहा. आणि एक नाजूक गोष्ट, काही लोक दुसऱ्याच्या नावावर नोकरीला लागले होते, हे या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. तसं काही तुमच्या घरात निघालं तर ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, कुणाची पेन्शन अजून त्या नावावर चालू असू शकते, स्वतःच्या वहीत खरं नाव आणि मस्टरचं नाव दोन्ही लिहून ठेवा आणि घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय वही कुणाला दाखवू नका.