मोटरच्या नॉबला खाचांचा स्पर्श कसा द्यावा

साध्या नॉबमध्ये बोटांना जाणवणारी 'टक्' ही स्प्रिंग आणि खाच यांची करामत असते. नॉबच्या मागे मोटर बसवली, की त्याच खाचा प्रोग्रामने घडवता येतात आणि एकच नॉब एका कामासाठी 8 टप्प्यांचा, तर दुसऱ्यासाठी पूर्ण गुळगुळीत करता येतो.

मोटर ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली) आणि गिअरविरहित घ्यावी. वीज बंद ठेवून ती हाताने फिरवून पाहावी; चुंबकांमुळे तिच्या स्वतःच्याच खाचा ठळक लागत असतील, तर तुमच्या खाचा त्यांत हरवतील. कोन मोजण्यासाठी 14 बिटचा चुंबकीय एन्कोडर पुरतो, कारण तो एका फेरीचे 16,384 भाग करतो.

खाचेचे बल कोनानुसार साइन वक्राने बदलावे. खाचेच्या तळाशी ते शून्य असते, पुढच्या खाचेच्या दिशेने पाव अंतरावर सर्वाधिक विरोध करते, अर्ध्यावर पुन्हा शून्य होते आणि तिथून उलटून नॉबला पुढच्या खाचेत ओढून घेते. 'टक्' जाणवते ती या उलटण्यामुळे. त्यामुळे खाच बोथट वाटली, तर बल वाढवण्याआधी उलटण्याजवळचा वक्र अधिक उभा करून पाहावा. नुसते बल वाढवले, तर नॉब बहुधा फक्त जड होतो.

खरी परीक्षा शेवटच्या अडसराची, म्हणजे जिथे नॉब आणखी पुढे फिरू नये त्या टोकाची असते. प्रोग्राममध्ये तो कडक स्प्रिंगसारखा लिहिला, की नॉब तिथे गुणगुणू लागतो, कारण बल काही क्षण जुन्या कोनावरून ठरते आणि मागे येताना मोटर हाताकडून घेतलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त परत देते. कंपनांना त्वचा 250 हर्ट्झच्या आसपास सर्वांत संवेदनशील असते, त्यामुळे बारीक थरथरही लपत नाही. गणनेचे चक्र (कोन वाचून बल ठरवणे) सेकंदाला किमान 1,000 वेळा चालवावे, अडसराचा कडकपणा थोडा उतरवावा आणि वेगाच्या प्रमाणात विरोध मिसळावा. मात्र एन्कोडरवरून काढलेला वेग खडबडीत असतो आणि तो गाळताना पुन्हा विलंब येतो, म्हणून हा विरोध बेताचाच ठेवावा.

वापरणारा अडसरावर नॉब दाबून धरतो, तेव्हा मोटर फिरत नाही आणि सगळी वीज उष्णतेत जाते. त्यामुळे विद्युतप्रवाहाला प्रोग्राममध्येच कमाल मर्यादा घालावी. चाचणी घेताना कान झाकायला सांगावे, कारण मोटरचा आवाज ऐकू आला, की कमजोर खाचही ठसठशीत भासते.