यूकेतून सेकंडहँड गाडी आयर्लंडला आणताय? आधी या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी एक फोन ठरलेला असतो. "दादा, मँचेस्टरला सेम टू सेम गाडी दिसतेय, इथल्यापेक्षा चार-पाच हजारांनी स्वस्त, फेरी बोटीचं तिकीट काढू का?" फोन करणारा बहुतेक वेळा डब्लिनला येऊन वर्षही न झालेला, बायको म्हणतेय थंडी पडायच्या आत गाडी घे, आणि हा रात्री अकरा वाजता पांघरुणात मोबाईल धरून यूकेच्या जाहिराती चाळतोय. मी पण हेच केलंय, पैसेही घालवलेत, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतो, पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं.

पौंडातली किंमत बघून खूश होणं

सगळ्या चुकांची आई ही. माणूस पौंडाचे युरो करतो, इथल्या जाहिरातीतल्या किमतीतून वजा करतो आणि उरलेला आकडा म्हणजे आपला फायदा असं धरून चालतो. ब्रेक्झिटच्या आधी ते बऱ्यापैकी जमून जायचं, व्हीआरटी (इथे गाडी रजिस्टर करतानाचा टॅक्स) भरला की विषय संपला. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स हे आपल्यासाठी ईयूच्या बाहेरचे, त्यामुळे तिथून आलेल्या जुन्या गाडीवर आधी १० टक्के कस्टम ड्युटी, मग ड्युटी आणि वाहतूक धरून जी रक्कम होते तिच्यावर २३ टक्के व्हॅट, आणि व्हीआरटी तो वेगळाच.

आकडे घालून बघू, नाहीतर पटत नाही. समजा डिझेल गाडी आणि ती आणायचा खर्च मिळून १०,४०० युरो झाले. ड्युटी १,०४०. आता ११,४४० वर व्हॅट, म्हणजे २,६३१. गाडी दारात आली तेव्हाच १४,०७१ झाले आणि अजून व्हीआरटी बाकी आहे. व्हीआरटी काढताना रेव्हेन्यूवाले (इथलं टॅक्स खातं) तुम्ही किती पैसे मोजले हे बघत नाहीत, तशी गाडी आयर्लंडच्या बाजारात कितीला विकली जाईल हे बघतात, त्याला ओएमएसपी म्हणतात. तो धरा १५,०००. जाहिरातीत सीओटू ११० ग्रॅम लिहिलं होतं, म्हणून तुम्ही तक्त्यात साडेतेरा टक्के बघून ठेवलेत, पण तो आकडा धूर मोजायच्या जुन्या एनईडीसी टेस्टचा, नव्या डब्ल्यूएलटीपी टेस्टमध्ये आणायचा फॉर्म्युला लावला की डिझेलच्या ११० चे १३८ होतात आणि टक्के होतात २०. म्हणजे ३,०००. वर नॉक्सचे, म्हणजे धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडवरच्या टॅक्सचे ५०० (हे कुठून आले ते खाली सांगतो). टोटल १७,५७१ युरो.

आणि तीच गाडी इथे, आयरिश नंबरप्लेटसकट, १५,००० ला उभी होती.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो की हिशोब उलट्या बाजूने करा. आधी इथली किंमत धरा, त्यातून व्हीआरटी वजा करा, व्हॅट आणि ड्युटी काढा, फेरी, डिझेल, नवे टायर, एक दिवसाची रजा सगळं काढा, जे उरेल तेवढ्याच्या खाली यूकेत गाडी मिळत असेल तरच तिकीट काढा. व्हीआरटीचा कॅल्क्युलेटर रेव्हेन्यूच्या साइटवर फुकट आहे, तो न वापरता निघणारे लोक मी पाहिलेत, इंजिनिअर असलेले.

यावर हमखास एक जण म्हणतो की ब्रिटनमध्ये बनलेल्या गाडीला ड्युटी नाही. बरोबर आहे, ऑक्सफर्डची मिनी किंवा संडरलंडची निसान असेल आणि ती यूके ओरिजिनची असल्याचं पत्र विकणाऱ्याकडून मिळत असेल तर १० टक्के वाचतात, पण रस्त्यात भेटलेला खासगी मालक असलं पत्र कुठून देणार. आणि २३ टक्के व्हॅट तर तरीही आहेच. गंमत म्हणजे जर्मनीत बनलेली गाडी इंग्लंडला विकली गेली आणि आता तुम्ही ती परत ईयूत आणताय, तरी तिच्यावर १० टक्के बसतात. डीलरकडे "व्हॅट क्वालिफाइंग" लिहिलेली गाडी असेल तर एक्सपोर्ट करताना तिथला व्हॅट सुटू शकतो, विचारून बघा, पण बहुतेक जुन्या गाड्यांना ते लागू नसतं.

नॉर्दर्न आयर्लंड म्हणजे फुकटचा रस्ता असं समजणं

इथे माझे स्वतःचे पैसे गेलेत त्यामुळे जरा सविस्तर.

डब्लिनहून एम१ ने वर निघालात की तासाभरात न्यूरी येतं. बॉर्डर म्हणून काही दिसतच नाही, ना चौकी ना फाटक, फक्त रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि वेगाच्या पाट्या किलोमीटरवरून मैलावर जातात. त्यामुळे माणसाला वाटतं की ही गाडी काय आपल्याच घरची. आणि नियमही तसाच आहे, म्हणजे गाडी खरोखर नॉर्दर्न आयर्लंडमधली असेल, तिथे नीट वापरलेली असेल, तर ड्युटी आणि व्हॅट लागत नाही, फक्त व्हीआरटी. पण "खरोखर तिथली" हे कागदावर दाखवावं लागतं.

मला एका डीलरने नॉर्दर्न आयर्लंडचा नंबर असलेली हॅचबॅक दाखवली. तिथल्या नंबरात आय किंवा झेड हे अक्षर असतं, त्यावरून ओळखू येतो, आणि मी तेवढ्यावरच भुललो. तो म्हणाला एनआय कार आहे, व्हॅट नाही काही नाही, मी आठ हजार युरो मोजले, येताना ढाबळीतून कबुतर धरून आणल्यासारखा खूश. मग व्हीआरटीच्या अपॉइंटमेंटला काउंटरवरच्या बाईंनी लॉगबुक (यूकेचं रजिस्ट्रेशनचं कागदपत्र) उघडलं, तारखेवर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "याच्या आधी ही गाडी कुठे होती?" गाडी तीन आठवड्यांपूर्वी इंग्लंडहून आलेली होती. नंबर तिथे येऊन बदललेला. तिथे आणताना कस्टमचं काही केल्याचा एक कागद माझ्याकडे नव्हता, डीलरला फोन केला तर तो म्हणे तो विकत घेणाऱ्याचा प्रश्न. मग ८०० ड्युटी आणि ८,८०० वर २,०२४ व्हॅट, झाले २,८२४ युरो, शिवाय कस्टम एजंटची फी आणि दुसरी अपॉइंटमेंट.

तेव्हा पैसे द्यायच्या आधी मागा: आधीच्या मालकाचा नॉर्दर्न आयर्लंडचा पत्ता असलेलं लॉगबुक, तिथल्या वापराचा पुरावा म्हणजे सर्व्हिसची बिलं, इन्शुरन्स, आणि गाडी ब्रिटनहून आली असेल तर ती तिथे आणताना केलेल्या कस्टम डिक्लेरेशनची कॉपी. नंतर ईमेल करतो म्हणाला तर गाडी पण नंतरच घेतो म्हणा.

लंडनची स्वस्त डिझेल

२९ ऑगस्ट २०२३ ला लंडनचा युलेझ झोन (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावणारा भाग) सगळ्या लंडनभर वाढला आणि युरो ६ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या डिझेल गाड्यांना तिथे रोजचा चार्ज बसायला लागला, तेव्हा अशा गाड्या मालकाला नकोशा होणारच. आपल्याला वाटतं लॉटरी लागली. पण इथे नॉक्सचा वेगळा टॅक्स आहे, पहिल्या ४० मिलिग्रॅमपर्यंत दर मिलिग्रॅमला ५ युरो, ४१ ते ८० ला १५, त्यापुढे २५. युरो ५ डिझेलची मर्यादाच १८० मिलिग्रॅम होती. गाडीच्या कागदावर १८० असेल तर २०० अधिक ६०० अधिक २,५००, म्हणजे ३,३०० युरो नुसत्या धुराचे. मघाच्या उदाहरणातली गाडी युरो ६, ६० मिलिग्रॅमची, म्हणून ५०० त सुटली. आणि नॉक्सचा आकडा सिद्धच करता आला नाही तर सरळ कमाल रक्कम लावतात, डिझेलला ४,८५० आणि बाकीच्यांना ६००. जपानहून गाडी मागवणाऱ्यांनी हे आधी बघावं. (जपानी गाडीचा एफएम वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असतो, इथली बरीच स्टेशनं लागत नाहीत, हे पण कुणी आधी सांगत नाही.)

गाडी न तपासता टोकन देणं

यूकेची एक गोष्ट मात्र झकास आहे, नुसता गाडीचा नंबर टाकला की एमओटीची (तिथल्या गाडी-तपासणीची) हिस्टरी सरकारी साइटवर फुकट दिसते, कधी फेल झाली, कशामुळे झाली, तेव्हा मीटर किती होता. एका मित्रासोबत गेलो होतो, गाडी चकाचक, आतून वास पण नवीन गाडीसारखा. तिथेच पार्किंगमध्ये उभं राहून हिस्टरी उघडली तर ४१ हजार, मग ५२ हजार, आणि पुढच्या वर्षी ३८ हजार. मालक म्हणाला मीटर बदललाय. आम्ही म्हटलं बरं, आणि चहा पिऊन परत आलो.

मीटर मैलात असतो हे पण डोक्यात ठेवा, साठ हजार म्हणजे आपले शहाण्णव हजार किलोमीटर. हे कळायला दोन दिवस लागलेला माणूस माझ्या ओळखीत आहे, नाव सांगत नाही, घरचाच आहे.

मोबाईलची टॉर्च घेऊन गाडीखाली वाका. तिकडे, खास करून स्कॉटलंडला, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, वरून पॉलिश आणि खाली सबफ्रेम पापडासारखी सुटलेली असं असतं. लॉगबुक म्हणजे मालकीचा पुरावा नाही, हे त्याच्यावरच छापलेलं असतं, तेव्हा पैसे देऊन हिस्टरी चेक कराच. गाडीवर फायनान्स बाकी असेल तर ती विकणाऱ्याची नाहीच, फायनान्स कंपनीची आहे. त्यात कॅट एस आलं तर गाडीच्या सांगाड्याला मार लागलेला, कॅट एन म्हणजे सांगाडा सोडून बाकी, दोन्हीत इन्शुरन्सवाले इथे तोंड वाकडं करतात.

आणल्यावर सुस्त बसणं

गाडी आली की ७ दिवसांच्या आत व्हीआरटीची अपॉइंटमेंट बुक करायची आणि ३० दिवसांच्या आत रजिस्ट्रेशन पूर्ण करायचं. "चालतंय की, बॉर्डरवर कुणी बघितलं" असं म्हणू नका, उशिराला व्हीआरटीच्या ०.१ टक्का रोज असा दंड चढतो आणि इथे राहणाऱ्याने परदेशी प्लेटवर गाडी फिरवत ठेवली तर ती जप्तसुद्धा होते. ब्रिटनहून आणली असेल तर कस्टमचं आधी उरकायचं, त्याशिवाय व्हीआरटीला जाऊन उपयोग नाही. ओएमएसपी जास्त लावला वाटलं तर तिथे वाद घालू नका, आधी भरा आणि मग अपील करा, तशाच गाड्यांच्या इथल्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट जोडून.

एमओटी इथे चालत नाही. गाडी चार वर्षांच्या वरची असेल तर एनसीटी (इथली तपासणी) वेगळी करावी लागते आणि तिथे तारखा लवकर मिळत नाहीत, त्यामुळे ती पण आधीच बुक करा. रजिस्ट्रेशन झालं की ३ दिवसांत नवी प्लेट, मग आरएफ१०० फॉर्म भरून मोटर टॅक्स.

इन्शुरन्सला गाडी घेण्याआधी फोन करा, घेतल्यावर नाही. यूके प्लेटवर किती दिवस कव्हर देतात, इम्पोर्ट गाडीला जादा घेतात का, हे दर कंपनीचं वेगळं असतं. आणि आपल्या लोकांची खास चूक: भारतातलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, लर्नर परमिट, क्लास, टेस्ट सगळं करावं लागतं. लर्नर परमिट आयर्लंडच्या बाहेर चालत नाही आणि आयर्लंडमध्येही लर्नरला मोटरवेवर बंदी आहे. म्हणजे न्यूरीला गाडी बघायला जाताय ठीक, पण ती चालवत आणणार कोण, हे ठरवूनच निघा. फुल लायसन्सवाला मित्र, त्याच्या नावाने इन्शुरन्स, आणि त्याला जेवण.

लंडनहून शिफ्ट होताना घाईत गाडी घेणं

पुढची सूट ज्यांना लागू आहे त्यांचे खरंच हजारो वाचतात. यूकेत राहत असलेला माणूस आयर्लंडला कायमचा येत असेल आणि गाडी यायच्या आधी किमान ६ महिने त्याच्या मालकीची आणि वापरातली असेल तर ट्रान्स्फर ऑफ रेसिडेन्समध्ये (राहायचा देश बदलल्याच्या सवलतीत) व्हीआरटी माफ होतो, कस्टमची सूट पण मागता येते. आल्यावर १२ महिने विकायची नाही. पण लोक काय करतात, ऑफर लेटर आलं की लगेच "तिकडे गाड्या महाग आहेत" म्हणून लंडनमध्ये गाडी घेतात आणि दोन महिन्यांत इकडे येतात. सहा महिने भरत नाहीत, सूट गेली. जुनीच खटारा आणली असती तर फुकट आली असती. इन्शुरन्सचे, सर्व्हिसचे, पार्किंग परमिटचे कागद जपून ठेवा, वापर त्यावरूनच दाखवायचा असतो.

आणि गणपतीत भेटलं की कुणीतरी विचारतंच, परत जाताना हीच गाडी भारतात नेता येईल का? उजव्या बाजूला स्टिअरिंग आहे, तेवढं जुळतं. पण वापरलेली गाडी बनवल्यापासून ३ वर्षांच्या आतली लागते, फक्त मुंबई बंदरातूनच उतरवता येते, आणि ड्युटीच गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होते. माझ्या सांगलीच्या मित्राने हा सगळा हिशोब कागदावर मांडला, मग तो कागद घडी करून गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला आणि गाडी इथेच विकली. कागद नव्या मालकाला मिळाला असेल, पण मराठीत आहे.