ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडं राहिलेलं व्हॉट्सअ‍ॅप

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं आणि संध्याकाळी नुसता टॅब बंद करून निघालात, तर तुम्ही लॉगआउट झालेले नसता. तुमचा फोन बंद असला तरी त्या मशीनवर मेसेज येत राहतात. उद्या तिथे बसणाऱ्याने तोच ब्राउझर उघडला की पगाराच्या बोलण्यापासून सगळं त्याच्यासमोर! म्हणून फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’वर जा. कुठल्या मशीनवर खातं चालू आहे आणि शेवटचं कधी वापरलं, ते तिथे दिसतं. अनोळखी किंवा जुनं काही असेल तर त्यावर टॅप करून लॉगआउट करा. मी हे दर शुक्रवारी निघताना करतो. अर्धं मिनिटही लागत नाही.

चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाच वाचता येत नाहीत, पण क्लाउडवरचा बॅकअप आपोआप तसा होत नाही. ‘चॅट बॅकअप’मध्ये ती सोय २०२१पासून आहे, मात्र स्वतः चालू करावी लागते. फोन हरवला आणि ती चालू करताना ठेवलेला पासवर्डही विसरलात, तर बॅकअप गेलाच समजा.

आणि हो, लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवा. मीटिंगच्या टेबलावर उताणा पडलेला फोन शेजाऱ्याला ओटीपीसुद्धा दाखवतो.