चार ए-फोर कागदांत फ्लॉडनच्या दोन फौजा

टेबलावर लढाई खेळायला ट्यूडर काळातल्या, म्हणजे सोळाव्या शतकाच्या आसपासच्या इंग्लंडातल्या चिमुकल्या सैनिकांची फौज परदेशातून मागवायची म्हटली, की टपाल आणि कस्टम ड्यूटी धरून हिशोब हाताबाहेर जातो. शिवाय एकच बाजू घरात आली तर लढायचं कोणाशी? म्हणून एकच लढाई निवडा आणि दोन्ही बाजू एकदम करा, त्याही कागदाच्या. इंदूरच्या खजुरी बाजारात आणि सियागंजात सगळा माल मिळतो आणि खर्च हजाराच्या आत बसतो.

लढाई फ्लॉडनची घ्या, 9 सप्टेंबर 1513. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री फ्रान्समध्ये गुंतलेला असताना स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स इंग्लंडात उतरला, आणि त्याला इंग्रज सेनापती अर्ल ऑफ सरेने गाठलं. स्कॉटांकडे लांब पाइक, तर इंग्रजांकडे बिल आणि धनुष्य. (पाइक म्हणजे आपला ‘पाईक’ नव्हे, तो शिपाई, हा भाला.) बिल म्हणजे साधारण 8 फुटी दांड्यावर कोयत्यासारखं वळलेलं पातं. घोडदळ जवळजवळ नाहीच, आणि घोडा हीच काढायला-कापायला सगळ्यात किचकट गोष्ट.

प्रमाण 1:100 ठेवा. माणूस 17-18 मिमी, बिल 24 मिमी, 18 फुटी पाइक 55 मिमी. सुटी माणसं कापत बसू नका. 40 मिमी रुंद पट्टीवर खांद्याला खांदा लावून पाच माणसं काढा, वर त्यांचीच पाठमोरी बाजू उलटी जोडा आणि दोन्ही टोकांना बेसवर, म्हणजे खालच्या पाटीवर, चिकटवायला 5 मिमी पाय सोडा. बिलवाल्यांची पट्टी 60 मिमी लांब होते. एका ए-फोरवर पाच आडव्या, चार उभ्या अशा 20 पट्ट्या बसतात, म्हणजे शंभर माणसं.

स्कॉट बाजूला पाइकच्या 10 तुकड्या, प्रत्येकी तीन पट्ट्या. हायलँडरांच्या, म्हणजे डोंगराळ भागातल्या स्कॉटांच्या, दोन तुकड्या, प्रत्येकी दोन पट्ट्या. इंग्रजांकडे बिलच्या 12 आणि तिरंदाजांच्या 6 तुकड्या, सगळ्या दोन-दोन पट्ट्यांच्या. लॉर्ड डेकरच्या सीमेवरल्या स्वारांसाठी तीन पट्ट्या, प्रत्येकीवर दोनच घोडे. बेरीज 73. चार कागदांतून 80 निघतात. उरलेल्या सात वाया जायला ठेवा, आणि त्या जातातच.

छपाई लेझरवर, 200 जीएसएमच्या मॅट कागदावर करा. इंकजेटची शाई फेविकॉलच्या ओलीने पसरते. दुकानदाराला ‘शंभर टक्के’ असं बजावून सांगा. ‘फिट टू पेज’ राहून गेलं तर पट्टी दोन-तीन मिमी आखडते आणि बेसवर तिन्ही बाजूंनी फटी दिसतात. पहिला कागद आला की दुकानातच फूटपट्टीने मोजा.

लेझरची शाई घडीवर तडकते. घडीची रेघ आधी वाळलेल्या बॉलपेनने दाबून घ्या, मगच दुमडा. आतून फेविकॉल बोटाने पातळ पसरा, पाणी मिसळू नका, आणि जाड पुस्तकाखाली तासभर ठेवा. पावसाळ्यात रात्रभर. घाई केली की पट्टी केळीच्या सालीसारखी वळते. वाळल्यावर फक्त वरची कड कापा: डोकी, टोप, पाती. कापलेली पांढरी कड गडद तपकिरी स्केचपेनने रंगवा. हे पाच मिनिटांचं काम टाळलं तर सगळी फौज कागदीच दिसते.

आता पाइक, कारण या फौजेची सगळी शान तिथेच आहे. प्लास्टिकच्या खराट्याच्या गोल, सरळ तारा घ्या. तारेचे दोन तुकडे साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात पूर्ण बुडवून सोडा. वर तरंगली तर पॉलिप्रॉपिलीन. त्यावर गोंद धरत नाही, रंग नखाने निघतो. तळाशी बसली तर पेट (PET, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), तीच घ्या. वाकलेल्या तारा गरम पाण्यात बुडवून दोन फूटपट्ट्यांमध्ये दाबा आणि गार होऊ द्या.

पाइकवाल्यांची पट्टी 20 मिमीवर दुमडते. चिकटवण्याआधी घडीवर टाचणीने पाच भोकं पाडा, डोक्यावर नव्हे, दोन डोक्यांच्या मधे. पाचवं टोकाच्या माणसाच्या बाजूला. पॉलिश पेपरने खरवडलेली तार भोकातून आत पायापर्यंत घाला, मग कागद मिटवा. तार दोन कागदांत पकडली जाते, ओढली तरी निघत नाही. दीडशे तारा लागतील. पुढच्या रांगेचे भाले आडवे करायचा मोह होतो. समोरच्या बेसला अडकतात आणि पहिल्याच डावात मोडतात. उभेच ठेवा.

बेस 3 मिमी एमडीएफचे (लाकडाच्या दाबलेल्या भुशाचा बोर्ड): पाइक, स्वार आणि तोफांना 40×40, बाकीच्यांना 40×30. सनबोर्ड (फोमचा बोर्ड) हलका, पंख्याच्या वाऱ्याने तुकडी आडवी होते. बेसवर मातीऐवजी चहाच्या गाळणीतून चाळलेली रेती लावा. अंगणातली माळव्याची काळी माती फेविकॉलसकट वाळताना आकसते आणि भेगा पडतात. वापरलेली चहाची पत्ती छान दिसते, पण नीट वाळली नसेल तर श्रावणात बुरशी धरते.

तोफा दोन्हीकडे दोन-दोन पुरेत. नळी रिकाम्या रिफिलची, 25 मिमी.

इंग्रज कोट पांढरे, छातीवर लाल क्रॉस. पण शुद्ध पांढरा नको, थोडा मातकट करा. सरेच्या हॉवर्ड घराण्याच्या निशाणावर पांढरा सिंह, इंग्रज सरदार स्टॅन्लीच्या निशाणावर गरुडाचा पंजा. स्कॉटांकडे निळ्यावर पांढरा तिरका क्रॉस.

मैदानासाठी हिरव्या कापडाखाली पुस्तकं सरकवून ब्रँक्सटनचा, म्हणजे लढाईच्या जागेचा, उतार करा, आणि पायथ्याला 60 सेमी लांब तपकिरी फेल्टची पट्टी टाका. ती दलदल. नियम कुठलेही वापरा, पण या पट्टीत शिरलेल्या पाइकची रांग मोडलीच पाहिजे. जेम्स राजाचा जथा असाच फसला: ओल्या सखलात रांग विस्कटली की लांब भाला नुसतं ओझं होतो आणि आखूड बिल कापत सुटतं. स्कॉटांच्या डाव्या बगलेला, होम आणि हंटली या स्कॉट सरदारांच्या समोर, जमीन बरी होती आणि तिथे पाइक चालले. म्हणून फेल्ट त्या टोकाला पोचू देऊ नका.

ठेवायला मिठाईचा डबा चालतो, फक्त आतली उंची 65 मिमी तरी हवी.