जर्मनीतलं पहिलं सेमिस्टर: या चुका टाळा

ऑक्टोबरात हिवाळी सेमिस्टर सुरू होतं आणि जानेवारीत नवीन मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: "परीक्षेच्या यादीत माझं नाव नाही, कुणाशी बोलू?" तोवर मुदत बहुधा उलटून गेलेली असते.

आपल्याकडे फॉर्म भरायचा राहिला तर नोटीस लागते, लेट फी घेतात, ऑफिसातले काका ओरडतात पण काम करून देतात. जर्मन विद्यापीठात कुणी मागे लागत नाही. पहिल्या वर्षाच्या निम्म्या भानगडी "कोणीतरी सांगेलच" या भरवशातून होतात.

लेक्चरला नाव घातलं म्हणजे परीक्षेला घातलं, असं समजू नका

बहुतेक ठिकाणी या दोन वेगळ्या नोंदण्या असतात. परीक्षेची नोंदणी पोर्टलवर ठरावीक दिवसांतच होते. नाव मागे घ्यायचीही मुदत असते. नाव न काढता परीक्षेला गैरहजर राहिलात, तर बऱ्याच ठिकाणी थेट ५.० मिळतात. हे ऐकून खूश होऊ नका: इथे १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. आजारी असाल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि सर्टिफिकेट लगेच परीक्षा विभागाला, म्हणजे प्र्युफुंग्सआम्टला, पाठवा.

आणि एटीकेटीचा हिशोब डोक्यातून काढून टाका. एका परीक्षेला साधारण तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिन्ही गेल्या तर विद्यापीठातून नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. त्यात अनेक विषयांत इंटर्नलचा आधार नसतो, शेवटच्या एका पेपरवर सगळं. म्हणून पहिल्याच महिन्यात फाखशाफ्टला, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळाला, गाठा. जुन्या प्रश्नपत्रिका बहुतेक त्यांच्याकडेच मिळतात. सीनियरच्या नोट्सपेक्षा त्या कामाच्या.

लेटरबॉक्सवर नाव लावा

क्षुल्लक वाटतं, पण सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. जर्मनीत पत्त्यात बहुतेक वेळा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन डब्यावरचं नाव वाचून टपाल टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. टॅक्स नंबर, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं टपालाने येतं. तीन जण राहत असाल तर तिघांचीही आडनावं हवीत.

घर मिळाल्यावर पत्त्याची नोंद, आन्मेल्डुंग, साधारण दोन आठवड्यांत करायची असते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो द्यायला तयार नसलेल्या मालकाची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

नोंद झाली की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. "माझ्याकडे टीव्हीच नाही" म्हणून ते कचऱ्यात टाकू नका. शुल्क घरामागे आहे, महिन्याला १८.३६ युरो, आणि थकबाकी मागच्या तारखेपासून वसूल होते. एकाने भरायचं, बाकीच्यांनी वाटून द्यायचं.

किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी

वेळापत्रकात दहा लिहिलं असेल आणि पुढे सी.टी. असेल, तर लेक्चर सव्वादहाला सुरू होतं. एस.टी. असेल तर दहाच्या ठोक्याला (हो, इथली एस.टी. वेळेवर सुटते). रविवारी दुकानं बंद, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी सरकारी पत्रं जर्मनमध्ये येतात. विद्यापीठाचे भाषावर्ग पहिल्याच सेमिस्टरला लावा. मराठी मंडळाच्या गणपतीला जरूर जा, पण ग्रुप प्रोजेक्टमध्येही चारही जण पुण्याचेच असतील, तर जर्मन बोलायची वेळ कधी येणार?

गडबड आधीच झाली असेल तर

परीक्षेची मुदत हुकली असेल तर ईमेलची वाट पाहत बसू नका. प्र्युफुंग्सआम्टच्या भेटीच्या वेळात स्वतः जा. नाव नाहीच घेतलं तर पुढची परीक्षा कधी आहे ते विचारा, काही विषयांची फेरपरीक्षा त्याच सुट्टीत असते. टॅक्स नंबरचं पत्र हरवलं असेल तर तो पुन्हा मागवता येतो, पण तोही टपालानेच येतो. तेव्हा आधी डब्यावर चिठ्ठी चिकटवा, मग अर्ज करा.