बांध घालण्याआधी सांडवा आखा

पाणलोटाच्या कामात येताय म्हणजे सलग समतल चर, माती नाला बांध, शेततळं हे सगळं तुम्हाला पाठ असणारच. ते सांगत बसत नाही. मला जिथे ठेच लागली तेवढंच सांगतो, ती म्हणजे सांडवा, बांधातलं जास्तीचं पाणी बाहेर सोडणारी वाट. कारण इतकी वर्षं झाली तरी पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री माझा डोळा लागत नाही.

नोकरीतला पहिला मे महिना. अमळनेर तालुक्यातलं गाव, खोल काळी जमीन, उतार डोळ्याला जाणवणारही नाही इतका. उद्दिष्ट हेक्टरात, जेसीबीचं भाडं तासावर. ज्यांचं वावर ते आबा कडेला उभे राहून एवढंच म्हणाले, "भाऊ, हाई पानी कथा जाई?"

मी म्हणालो, "जाईल कशाला आबा, मुरेल ना."

काळी माती कोरडी असते तोवर भेगांतून पाणी पिते. एकदा फुगून भेगा मिटल्या की पाणी वरच उभं राहतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, बांध आखताना आठवलं नाही. जुलैत कपाशी तीन दिवस पाण्यात उभी राहिली, पानं पिवळी पडली. चौथ्या रात्री बांध फुटला. सकाळी बघतो तर कंबरभर घळ, तिच्यावर ठिबकची नळी लोंबतेय, रोपं उघड्या मुळांनी आडवी. सगळी माती खालच्या शेजाऱ्याच्या वावरात. आबा काही बोलले नाहीत. शेजाऱ्याने मात्र दोन वर्षं मला वावरात पाय ठेवू दिला नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

हिशेब साधा आहे. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. 50 मिलिमीटरची एक झड म्हणजे 5 लाख लिटर. त्यातलं निम्मं वाहिलं तरी अडीच लाख, आणि वरच्या वावरांचं पाणी तुमच्याच बांधाला येऊन टेकत असेल तर ते वेगळं. म्हणून आधी सांडवा. त्याची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा चांगली खाली हवी, तळाला दगडाचं पिचिंग, म्हणजे माती वाहू नये म्हणून रचलेला दगडांचा थर हवा. तिथून सुटलेलं पाणी नाल्याला मिळतं की कुणाच्या कपाशीत शिरतं, हे स्वतः चालत जाऊन बघा. खोल काळ्या जमिनीत बांध अगदी समपातळीत धरू नका, सांडव्याकडे किंचित ढाळ द्या. पातळी बघायच्या हायड्रोमार्करच्या, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीच्या साधनात हवेचा एक बुडबुडा अडकला तरी पातळी खोटी येते, म्हणून दर वेळी अख्खी नळी नजरेखालून घाला.

आपल्याकडे हे ज्ञान जुनंच आहे. पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे गावाने मिळून चालवलेल्या जुन्या बंधारा-सिंचनात, कालव्यातलं जास्तीचं पाणी बाहेर काढायला सांडम असतात. साक्रीकडे जाऊन ते बघा. एखादा पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी शेतांना वाटणारा माणूस भेटला तर दिवसभर त्याच्यामागे फिरा. गाव न बघता नकाशावर रेघा ओढणाऱ्या साहेबापेक्षा तो कितीतरी चांगला गुरू.

आणि कृपा करून पोकलेनच्या मोहात पडू नका. शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद झाले, त्यामागे सुरेश खानापूरकरांचा भूशास्त्राचा अभ्यास होता. तो अभ्यास सोडून नुसतं खोदकाम उचललं आणि वरच्या टेकडीला हात लावला नाही, तर नाला गाळानेच भरणार. माथा ते पायथा, म्हणजे आधी वरची टेकडी आणि मग खालचा नाला, हा क्रम मोडायचा नाही म्हणजे नाही. माथा राखणं म्हणजे काय ते साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाला कळतं. तिथल्या चैतराम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती गावाने मिळून जंगल राखल्यामुळे.

घाबरू मात्र नका. चुका दुरुस्त होतात. अहिराणी बोलता येत नसेल तर निदान कान तयार करा, लोक सांभाळून घेतात. निंदणीला जाणाऱ्या बायांना विचारा, पाय कुठे रुततो, पाणी कुठे थांबतं. त्यांना प्रत्येक वाफा माहीत असतो. मला हे विचारायला दोन हंगाम लागले.

पुढच्या मे महिन्यात आबांच्याच वावरात पुन्हा बांध घातला. सांडव्याची जागा त्यांनी काठीने दाखवली, दगड दोघांनी मिळून रचले. जुलैत एका रात्री दोन वाजता त्यांचा फोन आला.

"सांडवा चालू शे, भाऊ. झोप आते."